धुराड्यावर चढणारा सल्लागार

सुरतच्या उधना-पांडेसरा भागात ‘कन्सल्टन्सी’च्या पाट्या ठिकठिकाणी दिसतात. कुणी व्हिसाचं काम करतो, कुणी जीएसटीचं, कुणी विम्याचं. त्यांतच ‘एन्व्हायर्न्मेंटल कन्सल्टंट’ अशीही एखादी पाटी असते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून सुरतेला येणाऱ्या, केमिस्ट्री किंवा केमिकल इंजिनिअरिंग शिकलेल्या पोरांना अशा फर्ममध्ये पहिली नोकरी मिळू शकते. घरी मात्र प्रश्न पडतो : हे नक्की काम काय? त्याबद्दलच्या समजुती तपासून पाहू.

गैरसमज : कन्सल्टिंग म्हणजे टाय, विमानप्रवास आणि एमबीए.

वस्तुस्थिती : या धंद्याची सुरुवातच प्रयोगशाळेत झाली. जगातल्या सर्वांत जुन्या कन्सल्टिंग कंपन्यांपैकी एक असलेली ‘आर्थर डी. लिटल’ 1886 मध्ये बोस्टनमध्ये सुरू झाली, ती एका रसायनशास्त्रज्ञाने. तिचं सुरुवातीचं काम रासायनिक चाचण्यांचं होतं. सुरतचं पर्यावरण सल्लागाराचं काम या मूळ रूपाच्या बरंच जवळ आहे. कारखान्यांचं प्रदूषण तपासणाऱ्या गुजरातच्या पर्यावरण ऑडिट योजनेतल्या पथकात पर्यावरण अभियंता, केमिकल इंजिनिअर, केमिस्ट आणि मायक्रोबायॉलॉजिस्ट लागतात. एमबीएचं नाव त्या यादीत नाही.

गैरसमज : सल्लागार येतो, चहा पितो, सल्ला देतो आणि बिल लावून जातो.

वस्तुस्थिती : सल्ला शेवटी येतो, त्याआधी मोजमाप असतं. डाइंग-प्रिंटिंग मिलचा बॉयलर कोळशावर किंवा लिग्नाइटवर चालतो. त्याच्या धुराड्याला वर एक छिद्र ठेवलेलं असतं. शिडीने तिथवर चढायचं आणि नळी आत घालायची. धूर ज्या वेगाने धुराड्यातून वर जातो, नेमक्या त्याच वेगाने तो नळीत ओढावा लागतो, नाहीतर धुळीचं प्रमाण चुकीचं येतं. धूळ ‘थिंबल’ नावाच्या टोपणासारख्या गाळणीत अडकते. थिंबल आधी आणि नंतर तोलायचं. वजनातला फरक आणि ओढलेल्या हवेचं आकारमान यांवरून उत्तर निघतं. खाली आलं की सांडपाण्याचे नमुने. पाण्यातली घाण रसायनांनी जाळायला किती ऑक्सिजन लागतो हे सांगणारी सीओडी चाचणी त्याच दिवशी होऊ शकते, पण तीच घाण खाताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात हे मोजणाऱ्या बीओडीसाठी नमुना 27 अंश सेल्सिअसला 3 दिवस ठेवावाच लागतो. मालकाने ‘उद्या रिपोर्ट द्या’ म्हटलं तरी जंतू घाई करत नाहीत. ऑडिटसाठी अशा फेऱ्या वर्षातून तीनदा, वेगवेगळ्या हंगामांत होतात.

गैरसमज : चांगलं इंग्रजी आलं की काम झालं.

वस्तुस्थिती : रिपोर्ट इंग्रजीत जातो, पण त्यातली माहिती मिळते मिलमध्ये. शेठशी गुजरातीत बोलावं लागतं, बॉयलरवरच्या माणसाशी बहुधा हिंदीत. काल रात्री भट्टीत काय टाकलं, हे त्या माणसाइतकं कुणालाच माहीत नसतं.

गैरसमज : हे सगळे विकले गेलेले असतात. खोटा रिपोर्ट देणारा माणूसच वाईट.

वस्तुस्थिती : इथे जरा थांबायला हवं, कारण सुरत आणि अहमदाबादमध्ये या प्रश्नावर जगभर गाजलेला प्रयोग झाला आहे. गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये पर्यावरण ऑडिटची योजना आली. प्रदूषणाची शक्यता जास्त असलेल्या कारखान्याने बाहेरच्या ऑडिटरकडून, म्हणजे अशाच सल्लागार फर्मकडून, तपासणी करून घ्यायची आणि अहवाल गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचा. पण ऑडिटर निवडायचा कारखान्याने आणि फीही द्यायची कारखान्यानेच. नापास करणाऱ्याला पुढच्या वर्षी कोण बोलावणार?

एस्थर डफलो, मायकल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी मंडळाच्या सहकार्याने 2009 ते 2011 या काळात 473 कारखान्यांवर प्रयोग केला. निम्म्यांसाठी जुनीच पद्धत ठेवली. धुळीची मर्यादा घनमीटरला 150 मिलिग्रॅम होती आणि जुन्या पद्धतीतल्या अहवालांचे आकडे या मर्यादेच्या जरा खालीच दाटीवाटीने बसलेले दिसले. अहवालांनुसार फक्त 7 टक्के कारखाने मर्यादा ओलांडत होते. स्वतंत्र फेरमोजणीत ते प्रमाण 59 टक्के निघालं.

उरलेल्या निम्म्यांसाठी नियम बदलले. कोणत्या कारखान्याला कोणता ऑडिटर, हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलं. फी ठरावीक, बाजारातल्या सरासरी दरापेक्षा जास्त, आणि सामायिक निधीतून. काही मोजमापांची अचानक फेरतपासणी होणार, हेही आधीच सांगितलं. दुसऱ्या वर्षी तर मोजमाप अचूक असण्यावर फीचा काही भाग अवलंबून ठेवला. परिणामी, कारखान्याला खोटंच ‘पास’ दाखवण्याचं प्रमाण सुमारे 80 टक्क्यांनी घटलं.

यातली मेख अशी, की बरेच ऑडिटर दोन्हीकडे काम करत होते. त्याच फर्म, तीच यंत्रं. एका मिलचा रिपोर्ट खोटा, दुसरीचा खरा. फरक पैसे कुणाकडून येतात आणि मागून कोण तपासतं, एवढाच होता. म्हणजे माणूस धुतल्या तांदळासारखा आहे, असं नाही. पण त्याला एकट्याला दोष देऊन रोग कळत नाही.

गैरसमज : खरा रिपोर्ट दिला तरी कारखान्याला काही फरक पडत नाही.

वस्तुस्थिती : पडला. जिथे ऑडिट खरं झालं, तिथल्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं, विशेषतः मर्यादा फार ओलांडणाऱ्यांनी. 2015 मध्ये मंडळाने नियम बदलले आणि ऑडिटर चिठ्ठीच्या पद्धतीने ठरवण्याची तरतूद आणली.

गैरसमज : आता यंत्रं बसली, सल्लागार संपला.

वस्तुस्थिती : 2019 मध्ये सुरतेत धुळीच्या कणांसाठी उत्सर्जन परवान्यांचा बाजार सुरू झाला. धुळीच्या कणांसाठी असा बाजार जगात पहिलाच. तीनशेहून अधिक कारखान्यांवर त्याचा अभ्यास झाला आणि बाजारात उतरलेल्यांचं उत्सर्जन 20 ते 30 टक्क्यांनी कमी आढळलं. या बाजारासाठी धुराड्यांवर अखंड मोजणारी यंत्रं बसली. पण यंत्र बरोबर मोजतं का, हे ठरवायला पुन्हा शिडी चढून थिंबलचाच नमुना घ्यावा लागतो.

सुरतच्या धुराड्यांची ही गोष्ट सीएच्या ऑफिसलाही लागू पडते. तिथेही ज्याचे हिशेब तपासायचे, फी तोच देतो. म्हणूनच 2013 च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात सूचीबद्ध आणि ठरावीक मोठ्या कंपन्यांवर बंधन घातलं : ऑडिटर व्यक्ती असेल तर सलग 5 वर्षांनी आणि फर्म असेल तर 10 वर्षांनी बदलायचा.

तेव्हा कन्सल्टन्सीत मुलाखतीला जाणाऱ्याने पॅकेज जरूर विचारावं. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत : आपल्या कामाचं बिल कोण भरतं, आणि मी मोजलेलं पुन्हा मोजायला कुणी येतं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर खरा आकडा लिहिणं तिथे बरंच सोपं जाईल.