पोफळीचे पाणी आणि वाटेकरी

संध्याकाळी दिवेलागणीला महाराष्ट्रातील विजेची मागणी झपाट्याने चढते. घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, पाण्याचे पंप एकाच वेळी सुरू होतात. बटण दाबणारा फक्त स्वतःच्या गरजेपुरते बघतो, आणि त्यात काही गैर नाही. पण लाखो घरांनी एकाच घटकेला तेच केले की त्याचा भार कोणाला तरी तत्काळ उचलावा लागतो. कोळशावरचा थंड पडलेला संच पूर्ण भाराला आणायला कित्येक तास जातात. पाण्यावरचा संच काही मिनिटांत फिरू लागतो. म्हणून अशा वेळी चिपळूण तालुक्यातील पोफळीचे भूमिगत वीजगृह कामी येते. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यातून येथे पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळते. कोयना प्रकल्पाच्या पहिल्या दोन टप्प्यांची मिळून ६०० मेगावॉट क्षमता या एका वीजगृहात आहे.

वीज साठवून ठेवणे अवघड असल्यामुळे जितकी वापरली जाते तितकीच त्या क्षणी निर्माण व्हावी लागते. हा तोल सांभाळला की ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झच्या आसपास राहते. उचल वाढली की ती घसरते. पूर्वी टंचाईतील राज्ये सामाईक ग्रिडमधून ठरल्यापेक्षा जास्त वीज बिनदिक्कत उचलत. फायदा उचलणाऱ्याचा, घसरणीचा त्रास मात्र सगळ्यांचा. मग कोण कशाला हात आखडता घेईल? पश्चिम ग्रिडमध्ये जुलै २००२ पासून नवी दरपद्धती आली. वारंवारता जितकी खाली, तितका जादा उचलीचा दर चढा, आणि कमी उचलणाऱ्याला त्याच दराने मोबदला. राज्यांच्या वीज अधिकाऱ्यांचा स्वभाव बदलला नाही, हिशेब बदलला, आणि ग्रिड बरीच स्थिरावली. तरीही ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतासह देशाचा मोठा भाग अंधारात गेला. काही राज्यांची जादा उचल हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते.

सामाईक गोष्ट माणसे ओरबाडून संपवतातच, असा निष्कर्ष पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या १९६८ च्या निबंधातून अनेकांनी काढला. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात त्याला उत्तर दिले आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, देखरेख ठेवली आणि मोडणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक दंड लावला, तर सामाईक साधन पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असे त्यांनी दाखवले. धुळे-नाशिककडची फड पद्धत याच जातीची: बंधाऱ्याचे पाणी पाळीने सर्वांना मिळावे म्हणून शेतकरी स्वतःच पाटकरी नेमत.

कोयनेच्या पाण्याचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण इथले वाटेकरी एकमेकांना दिसत नाहीत. शिवसागरात सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावते. ते पश्चिमेला पोफळीकडे वळवले तर भरपूर वीज मिळते, पण कृष्णा खोरे त्याला कायमचे मुकते. पूर्वेला नदीत सोडले तर टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा सिंचन योजनांना मिळते, पण उतार थोडा असल्याने धरणाच्या पायथ्याचे वीजगृह अवघ्या ४० मेगावॉटचे. कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. दुष्काळी वर्षी सांगलीचा शेतकरी आणि वीज कंपनी यांची ओढाताण चालूच राहते, पण ती एका आकड्याच्या आत राहते. हे यश लहान नाही.

पण जे कोणत्याच हिशेबात नसतात त्यांचे काय? धरण झाले तेव्हा पाटण आणि जावळी तालुक्यांतील गावे शिवसागरात बुडाली, माणसे सांगली, सोलापूर, रायगडपर्यंत पांगली. त्या वेळी राज्यात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९७६ मध्ये झाला. श्रमिक मुक्ती दल या संघटनेच्या नेतृत्वाखाली कोयनाग्रस्तांना २०१८ मध्ये कोयनानगरला ठिय्या धरावा लागला, म्हणजे अर्धशतक उलटूनही हक्काची जमीन मागावी लागत होती. कारखाने, शहरे आणि शासन यांचे सहकार्य उत्तम जमले. त्याची किंमत त्या सहकार्याबाहेरच्या माणसांनी मोजली. सहकार्याचे कौतुक करण्याआधी त्यात कोणाला घेतले होते, हे विचारलेच पाहिजे.

पोफळीतून सुटलेले पाणी कोळकेवाडी धरणात येते आणि तिथे पुन्हा वीज देऊन वाशिष्ठी नदीला मिळते. त्यामुळे वाशिष्ठी भर उन्हाळ्यातही वाहती राहते. त्याचा फायदा चिपळूणला आहे. मात्र नदीत साचलेला गाळ कोणा एकाचा नव्हता, म्हणून तो कोणीच काढत नव्हता. २२ जुलै २०२१ च्या महापुरात बाजारपेठ बुडाली. त्यानंतर चिपळूण बचाव समितीच्या झेंड्याखाली नागरिकांनी साखळी उपोषण केले, आणि सरकारी यंत्रणा व नाम फाउंडेशन ही संस्था यांच्या हातून गाळ निघू लागला. व्यापारी आपल्या दुकानासाठी आले होते, रहिवासी आपल्या घरासाठी. स्वार्थ होता, पण तो सगळ्यांचा एकच होता.

धरणाच्या कुशीतल्या या तालुक्यातही एप्रिल-मेमध्ये डोंगरावरच्या वाड्यांत टँकर जातो. उतारावर पावसाचे पाणी थांबत नाही. म्हणून पावसाळा सरला की सिमेंटच्या रिकाम्या गोणींत माती भरून पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, वनराई बंधारा घालतात. गोणी भरणे, तोंड शिवणे, एकावर एक रचणे हे काम दहा-वीस हातांचे. बंधाऱ्याचे पाणी खालच्या सगळ्या विहिरींना लागते, कामाला न आलेल्याच्या विहिरीलाही. शहरात अशी सवलत घेणारा ओळखू येत नाही. वाडीत येतो, आणि तोच माणूस उद्या गावकीच्या बैठकीत समोर बसलेला असतो. वाडीतून मुंबईला गेलेले येऊ शकत नाहीत, ते वर्गणी पाठवतात. आता अडचण वेगळीच आहे: घरे बंद आहेत, वाडीत म्हातारी माणसे उरली आहेत आणि गोणी उचलायला माणूस मिळत नाही. वर्गणीने गोणी आणि दोरा येतो. बंधारा घालायला मात्र मजूर लावावे लागतात किंवा ग्रामपंचायतीला महाविद्यालयाच्या श्रमदान शिबिराला बोलवावे लागते.