दहा हजार झेंडे, आणि शेवटी जुनाच

न्यूझीलंडचा झेंडा बघून लोक ऑस्ट्रेलियाचं नाव घेतात, ही तिथली जुनी रडकथा. दोन्ही निळे, दोन्हींच्या कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक. न्यूझीलंडचे तारे चार आणि लाल, ऑस्ट्रेलियाचे सहा आणि पांढरे; पण वाऱ्यावर फडफडणाऱ्या कापडावरचे तारे मोजतंय कोण?

तेव्हाचे पंतप्रधान जॉन की यांनी झेंडा बदलायचं मनावर घेतलं. लोकांकडून चित्रं मागवली, ती दहा हजारांवर आली. एकात तर किवी पक्षी डोळ्यातून लेझर सोडत होता! (खरं तर तेच सगळ्यांत गाजलं.) २०१५च्या पहिल्या सार्वमतात नेच्याचं पांढरं पान असलेला काळा-निळा झेंडा जिंकला. हे पान म्हणजे तिथल्या रग्बी संघाची खूण, घरोघरी ओळखीची. तरीही मार्च २०१६मध्ये, जुना की नवा या दुसऱ्या सार्वमतात, सुमारे ५७ टक्के मतं जुन्या झेंड्याला पडली. कुणाला त्याखाली लढलेले सैनिक आठवले, कुणाला हा नुसता पंतप्रधानांचा हट्ट वाटला, कुणाला नवं चित्र एखाद्या टॉवेलवरच्या नक्षीसारखं. युनियन जॅकवरच्या प्रेमापोटीच सगळी मतं पडली, असं मला वाटत नाही.

तिथल्या मूळच्या माओरी लोकांचा लाल-काळा-पांढरा झेंडा मात्र २०१० सालीच, वायटांगी दिनी (हा देशाचा राष्ट्रीय दिन), ऑकलंडच्या हार्बर ब्रिजवर चढला होता.