रामदास बोटीचा तास

लेखमाला : मोबाइलमधला फळा – भाग 6

गुगलच्या चौकटीत ‘टायटॅनिक’ लिहिलं की माहितीचा नुसता पूर येतो. बोटीचे आराखडे, प्रवाशांच्या याद्या, चौकशी समित्यांपुढच्या साक्षी, जेवणाची मेन्यूकार्डं. सिनेमातलं गाणं तर न मागताच वाजतं. आता त्याच चौकटीत नुसतं ‘रामदास’ लिहून पाहावं. समर्थ रामदास येतात, मनाचे श्लोक येतात, पाठोपाठ रामदास आठवलेही हजर होतात. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली आणि सहाशेच्या वर माणसांना घेऊन बुडालेली रामदास बोट काही तिथे फिरकत नाही. ‘रामदास बोट 1947 रेवस’ असं नेमकं विचारलं की मगच ती वर येते.

सातवी-आठवीच्या वर्गात एखाद्या जहाजदुर्घटनेचा तास घ्यायचा असेल, तर तो रामदासवर घ्यावा, आणि तो याच अडचणीसाठी घ्यावा. टायटॅनिकवर इतकं लिहून झालंय की मुलांना उतरवून घेण्यापलीकडे काम उरत नाही. रामदासची माहिती शोधावी लागते, ताडून पाहावी लागते, दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की थांबावं लागतं. इंटरनेट वापरायला शिकवायचं म्हणजे एवढंच तर शिकवायचं असतं.

समुद्रापासून लांबच्या सोलापुरात हा तास जमेल का, असं कुणी विचारलं तर त्याला माढा तालुक्यातल्या परितेवाडीची आठवण करून द्यावी. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत 2009 साली रुजू झालेल्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवून धडे, कविता, चित्रफिती घराघरातल्या मोबाइलवर पोचवल्या. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी ते स्वतः कन्नड शिकले. 2017 मध्ये राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. 3 डिसेंबर 2020 ला त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बातम्यांत ही रक्कमच गाजली. डिसले यांच्या कामाची गोष्ट मात्र वेगळी होती : वर्गातल्या पडद्यावरून दुसऱ्या देशांतल्या शाळांशी गप्पा मारायच्या, वर्ग न सोडता सहल काढायची. परितेवाडीतून हे घडतं, तर सोलापूरच्या कुठल्याही शाळेतून भाऊचा धक्का गाठायला हरकत नसावी.

तासाची सुरुवात नकाशाने करावी. गुगल अर्थवर आधी भाऊचा धक्का शोधायचा, मग रेवस. मध्ये मुंबई बंदराचं तोंड आणि अलिबागच्या बाजूचा खुला समुद्र. बोट ज्याच्याजवळ उलटली तो काशाचा खडकही याच पाण्यातला. इंग्रजी नकाशांत त्याला गल आयलंड म्हणतात. मोजपट्टीचं साधन उघडून धक्क्यापासून खडकापर्यंतचं अंतर मुलांनाच मोजू द्यावं. पडद्यावर ते इतकं थोडं दिसतं की पुढचा प्रश्न मुलंच विचारतात : किनारा एवढा जवळ असताना सहाशे माणसं बुडाली कशी?

घडलं ते असं. रामदास ही इंग्लंडच्या स्वॅन हंटर कंपनीने 1936 मध्ये बांधलेली वाफेची बोट. लांबी 179 फूट, रुंदी 29 फूट. इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन या देशी कंपनीने ती चालवायला घेतली. परक्या कंपन्यांना टक्कर द्यायला उभ्या राहिलेल्या या कंपनीला कोकणातली माणसं ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. बोटींना संतांची नावं दिलेली. त्या गुरुवारी आषाढ अमावास्या होती. सकाळी आठच्या सुमारास बोट धक्क्यावरून सुटली. गटारीला आणि दिव्यांच्या अवसेला गावी निघालेले चाकरमानी, बायाबापड्या, पोरंबाळं, भाजी-मासळीचे व्यापारी अशी सगळी गर्दी. बंदराबाहेर पडल्यावर वारा आणि लाटा वाढल्या, बोट कलली, पाणी आत आलं. घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि काशाच्या खडकाजवळ बोट उलटली. बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला वार्ता पोचायला दुपार उलटून गेली. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी होती नव्हती ती मासळी समुद्रात टाकून बुडणाऱ्यांना मचव्यात ओढून घेतलं, असं बचावलेल्यांच्या आठवणींतून सांगितलं जातं.

इथून खरं काम सुरू होतं. मृतांचा आकडा बघायला मुलांना सांगावं. बहुतेक ठिकाणी 625 सापडेल. काही ठिकाणी त्याहून बराच मोठा आकडा दिसेल. बोटीवर एकूण किती जण होते, यावरही एकमत नाही. मुलं लगेच विचारतात, ‘सर, बरोबर कुठला?’ अशा वेळी उत्तर देण्याचा मोह आवरावा. फळ्यावर चार रकाने आखावेत : आकडा काय, कुठे वाचला, तो मजकूर कधी लिहिलेला, लिहिणाऱ्याला हे कुठून कळलं. तिसरा आणि चौथा रकाना भरताना वर्गाच्या लक्षात येतं की पाचांपैकी तीन ठिकाणचा मजकूर एकमेकांवरून उचललेला आहे, काना-मात्रेच्या चुकांसकट. तीन साक्षीदार वाटले होते, निघाला एकच.

आकडे बदलतात कसे, हे दाखवायला ताजं उदाहरण हाताशी आहे. 18 डिसेंबर 2024 ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला चाललेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पहिल्या रात्रीच्या बातम्यांत मृतांची संख्या 13 होती. पुढच्या काही दिवसांत बेपत्ता माणसांचे मृतदेह सापडले आणि ती 15 झाली. 13 लिहिणारा वार्ताहर खोटं लिहीत नव्हता. त्या रात्रीचं खरं त्याने लिहिलं. सगळीकडे कॅमेरे आणि मोबाइल असताना ही गत, तर 1947 साली पावसाळी समुद्रात, तिकीटवहीच्या भरवशावर काय झालं असेल? टायटॅनिकच्या वेळी तर त्याहून अजब घडलं होतं. 15 एप्रिल 1912 ला बोट पहाटेच बुडाली होती, आणि त्याच दिवशी अमेरिकेतल्या काही वर्तमानपत्रांनी सगळे प्रवासी सुखरूप असल्याचे मथळे छापले. हे अंक आज नेटवर बघायला मिळतात आणि वर्गाला ते फार आवडतात. छापील गोष्टही चुकते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचायची असतील तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ उघडावं. मुंबईची बातमी सिडनीच्या अंकात शोधायची, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण तारेने आलेल्या बातम्या तिकडचे पेपर छापत असत, आणि ते अंक तिथे शब्दाशब्दाने शोधता येतात. शोधताना ‘मुंबई’ लिहून भागत नाही, ‘बॉम्बे’च लिहावं लागतं. तसंच ‘रायगड जिल्हा 1947’ असं विचारलं तर पदरी निराशा. तेव्हा तो कुलाबा जिल्हा होता. जुन्या काळात शिरायचं तर त्या काळाची नावं तोंडपाठ हवीत, ही युक्ती मुलं एका तासात उचलतात आणि मग आजोबांच्या गावाचे कागद शोधायलाही वापरतात.

यूट्यूबवर रामदासविषयी बऱ्याच चित्रफिती आहेत. आवाज गंभीर, मागे व्हायोलिन, आणि पडद्यावर अनेकदा भलतीच कुठली तरी बोट. चित्र गुगल लेन्समध्ये टाकून ते कुठून आलं हे पाहणं हा पाच मिनिटांचा खेळ आहे, आणि वर्ग त्यात रंगून जातो. सफाईदार उत्तर देणाऱ्या एआयलाही हाच नियम लावावा : आकडा सांगितलास, आता कुठून आणलास ते सांग.

बोट का उलटली, हा प्रश्न इतिहासाचा आहे तितकाच विज्ञानाचा. आठवीच्या पुस्तकात प्लावक बल येतं आणि बहुतेक ठिकाणी आर्किमिडीजच्या अंघोळीवरच संपतं. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संकेतस्थळावर वस्तू पाण्यात टाकून, वजन कमी-जास्त करून पाहायची सोय आहे. तिथले बरेच प्रयोग मराठीतही मिळतात. पण पडद्यानंतर लगेच बादली आणावी. स्टीलचा रिकामा, सपाट बुडाचा डबा पाण्यावर सोडायचा आणि बोटाने जरा कलता करून सोडून द्यायचा. तो हेलकावे खातो, सावरतो. आता डब्यात अर्धा पेला पाणी ओतायचं आणि पुन्हा तेवढंच कलतं करायचं. आतलं पाणी खालच्या बाजूला धावतं, त्या बाजूचा भार वाढतो, डबा आणखी कलतो. दोन-तीन मोठे खडे एका कडेला सरकवले तर तो सावरतच नाही. रामदासवर आत शिरलेलं पाणी काय करत होतं आणि एका बाजूला धावलेली माणसं काय करत होती, हे यानंतर वेगळं समजावायला लागत नाही.

याच ठिकाणी सोलापूरच्या शिक्षकाने उजनी धरणाकडे वळावं, टाळू नये. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली बोट भीमेच्या फुगवट्यात वादळी वाऱ्याने उलटली. बोटीत सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. रस्त्याने लांबचा वळसा पडतो म्हणून माणसं बोटीने जातात. धरणकाठच्या शाळेतली मुलंही अशा बोटीत बसलेली असतात. तेव्हा भाषा जपून वापरावी, मृतदेहांची छायाचित्रं शोधू देऊ नयेत, आणि वर्गात त्या घरचं कुणी असेल तर हा भाग सोडून द्यावा. मात्र जीवरक्षक जाकीट, भार, वारा यांवरचे प्रश्न जरूर होऊ द्यावेत. ‘विंडी’सारख्या संकेतस्थळावर उजनीवरचा आणि मुंबई बंदरातला वारा शेजारी शेजारी पाहता येतो. जुलैतला अरबी समुद्र त्यावर एकदा पाहिला की पावसाळ्यात गेटवे-मांडवा मार्गावरच्या साध्या लाँचेस का बंद ठेवतात, हे कळतं.

पंचांगालाही इथे जागा आहे. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी असते. अमावास्येला उधाण येतं हे त्यात लिहिलेलं असतं. ऑनलाइन पंचांगात 17 जुलै 1947 ही तारीख टाकून तिथी पडताळायची, मग मुंबईचं भरतीचं वेळापत्रक उघडून कुठल्याही चालू अमावास्येला पाणी किती चढतं ते बघायचं. शिवाय तारखेकडे नीट पाहिलं तर आणखी एक गोष्ट हाती लागते. ती 15 ऑगस्टच्या चार आठवडे आधीची आहे. फाळणी, निर्वासित, दंगली, सत्तांतर यांनी वर्तमानपत्रांची पानं भरून गेलेली. रामदास लोकांच्या स्मरणातून इतक्या लवकर का गेली, याचं बरंचसं उत्तर त्या महिन्याचे अंक चाळताना मिळतं. टायटॅनिकमध्ये बडे धनिक होते, चौकशा झाल्या, पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले. रेवसच्या चाकरमान्यांवर सिनेमा कोण काढणार?

टायटॅनिकला पार वगळू मात्र नये. तिच्यामुळेच या प्रकारच्या शिकवण्याला तोंड फुटलं. 1 सप्टेंबर 1985 ला रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या अमेरिकी-फ्रेंच मोहिमेला सुमारे 3,800 मीटर खोलीवर टायटॅनिकचे अवशेष सापडले. त्यानंतर बॅलार्ड यांना शाळकरी मुलांची हजारो पत्रं आली. पुढच्या वेळी आम्हालाही न्या, असं त्यांत होतं. एवढ्या मुलांना पाणबुडीत बसवणार कसं? म्हणून 1989 मध्ये त्यांनी ‘जेसन प्रोजेक्ट’ सुरू केला आणि भूमध्य समुद्राच्या तळाचं दृश्य उपग्रहावरून थेट मुलांपर्यंत नेलं. घरोघरी इंटरनेट पोचायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आज त्यांच्या ‘नॉटिलस’ या संशोधन जहाजावरून मोहिमेच्या काळात समुद्रतळ थेट दिसतो आणि शाळांना जहाजावरच्या शास्त्रज्ञांशी बोलताही येतं. वेळेचा फरक तेवढा सांभाळावा लागतो. त्यांची दुपार म्हणजे आपली मध्यरात्र असायची.

समुद्रतळावरचा आपल्याकडचा नमुना हवा असेल तर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शोधनिबंध पाहावेत. त्यातले कित्येक नेटवर मोफत आहेत. गोव्याजवळ सेंट जॉर्ज रीफ इथे संस्थेच्या पाणबुड्यांना बुडालेल्या बोटीतला माल सापडला : मातीची कौलं, नळ, खांबांचे नक्षीदार माथे. कौलांवर शिक्का होता, बासेल मिशन टाइल वर्क्स, 1865. बोटीचं नाव-गाव न सांगणाऱ्या त्या ढिगाऱ्याचा काळ असा एका कौलावरून ठरला : माल 1865 च्या आधीचा असू शकत नाही. सोलापूर भागातल्या जुन्या शाळांवर, वाड्यांवर अजून मंगलोरी कौलं आहेत. एखादं पडीक कौल उलटं करून कारखान्याचं नाव वाचायला लावलं, तर तेवढ्यापुरता प्रत्येक विद्यार्थी पुरातत्त्वज्ञ होतो.

साधनांची रड सगळीकडेच आहे. घरात एक मोबाइल, तोही वडिलांबरोबर कामावर. तेव्हा नकाशाचे स्क्रीनशॉट, एक-दोन जुन्या बातम्यांच्या छापील प्रती आणि एखादी चित्रफीत आधीच उतरवून ठेवावी. बाकीचं शिक्षकांच्या एका फोनवर आणि शाळेच्या टीव्हीवर भागतं. चाळीस मिनिटांत सगळं बसवायच्या भानगडीत पडू नये. नकाशा आणि आकड्यांचे रकाने एका तासात, बादली आणि पंचांग दुसऱ्या तासात.

घरच्या अभ्यासाला याच कंपनीच्या आणखी दोन बोटी द्याव्यात : ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’. दोन्ही 11 नोव्हेंबर 1927 ला, एकाच दिवशी बुडाल्या. ‘तुकाराम’ शोधताना मुलांना काय काय सापडेल, याची कल्पना एव्हाना आली असेलच.

पुढच्या भागात पाण्याखाली गेलेल्या गावांचा शोध : उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं की वर येणारं पळसदेवचं देऊळ आणि उपग्रहाच्या जुन्या-नव्या छायाचित्रांतून त्या पाण्याची हलती रेषा.