पृथ्वीचे भवितव्य : ग्रहाचा अंत आणि जीवसृष्टीचा अंत

प्रस्तावना :
पृथ्वीच्या अंताविषयीचे कुतूहल प्राचीन आहे. भारतीय परंपरेत कल्प आणि प्रलय या संकल्पना आढळतात, तर २१ डिसेंबर २०१२ रोजी जगाचा अंत होणार अशी अफवा अलीकडेच जगभर पसरली होती. वैज्ञानिकदृष्ट्या मात्र हा विषय भौतिकशास्त्र, भूविज्ञान व जीवशास्त्र यांच्या संयुक्त अभ्यासाचा आहे. सूर्य आणखी सुमारे ५ अब्ज वर्षे तळपणार असल्याने पृथ्वीवरील जीवनही तितकाच काळ सुरक्षित आहे, असा सर्वसाधारण समज दिसतो. वस्तुतः ग्रहाचा अंत आणि जीवसृष्टीचा अंत या दोन भिन्न घटना असून त्यांत अब्जावधी वर्षांचे अंतर आहे. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सूर्याची वाढती तेजस्विता :
हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होऊन ताऱ्यांना ऊर्जा मिळत असावी, असा विचार आर्थर एडिंग्टन यांनी १९२० मध्ये मांडला व हान्स बेथे यांनी १९३९ मध्ये त्यामागील अणुकेंद्रीय प्रक्रिया विशद केली. या प्रक्रियेत चार हायड्रोजन केंद्रकांपासून एक हेलियम केंद्रक बनते. गाभ्यातील कणांची संख्या घटल्याने गाभा आकुंचन पावतो, त्याचे तापमान वाढते आणि संमीलनाचा वेगही वाढतो. परिणामी जन्मकाळी आजच्या सुमारे ७० टक्के तेजस्वी असलेला सूर्य दर अब्ज वर्षांत सुमारे १० टक्क्यांनी अधिक प्रखर होत आहे.

खडकांची झीज व कार्बनचे नियमन :
पावसाच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते. हे आम्ल सिलिकेट खडकांची झीज घडविते. त्यातून मुक्त झालेले क्षार नद्यांवाटे समुद्रात जातात व कार्बन चुनखडीच्या रूपाने तळाशी बंदिस्त होतो. पुढे ज्वालामुखींद्वारे तो पुन्हा वातावरणात येतो. उष्ण व दमट हवामानात बेसाल्ट खडकाची अशी झीज विशेष वेगाने होते. मोसमी पावसाखालील दख्खनचे पठार हे त्याचे जवळचे उदाहरण होय. तापमान वाढले की झीज वाढते व कार्बन डायऑक्साइड घटतो. तापमान उतरले की याउलट घडते. या नियमनामुळे पृथ्वी दीर्घकाळ राहण्यायोग्य राहिली.

तथापि सूर्य प्रखर होत जाईल तसतसे हेच नियमन वनस्पतींच्या मुळावर येईल. गहू, भात यांसारख्या सी-३ वनस्पतींना प्रकाशसंश्लेषणासाठी तुलनेने अधिक कार्बन डायऑक्साइड लागतो. ज्वारी, बाजरी, ऊस या सी-४ वनस्पती अत्यल्प प्रमाणातही तग धरतात. जेम्स लव्हलॉक व मायकेल व्हिटफील्ड यांनी १९८२ मध्ये जीवावरणाचे उर्वरित आयुष्य सुमारे १० कोटी वर्षे असे अनुमानिले होते. केन काल्डेरा व जेम्स कास्टिंग यांनी १९९२ मध्ये सी-४ वनस्पतींचा विचार करून ते ९० कोटी ते १.५ अब्ज वर्षांपर्यंत वाढविले. काझुमी ओझाकी व ख्रिस्तोफर रेनहार्ड यांच्या २०२१ मधील अभ्यासानुसार ऑक्सिजनसमृद्ध वातावरणही सुमारे १ अब्ज वर्षेच टिकेल.

महासागरांचा व ग्रहाचा अंत :
त्यानंतर बाष्प वातावरणाच्या उच्च थरांत पोहोचेल, अतिनील किरणांनी त्याचे विघटन होईल आणि हायड्रोजन अवकाशात निसटेल. अशा रीतीने महासागर आटल्यावरही कोरडी पृथ्वी अब्जावधी वर्षे सूर्याभोवती फिरत राहील. पुढे सूर्य तांबडा राक्षसी तारा बनेल. त्याचे वस्तुमान घटल्याने पृथ्वीची कक्षा रुंदावेल; परंतु भरती-ओहोटीचे बल तिला आत ओढील. क्लाउस-पेटर श्रोडर व रॉबर्ट स्मिथ यांच्या २००८ मधील गणितानुसार सुमारे ७.६ अब्ज वर्षांनी सूर्य पृथ्वीला गिळंकृत करील. मात्र २०२४ मध्ये एका श्वेतबटू ताऱ्याभोवती पृथ्वीच्या सुमारे दुप्पट वस्तुमानाचा ग्रह असल्याचे जाहीर झाले. त्यामुळे काही ग्रह या अवस्थेतून बचावू शकतात, या शक्यतेला बळ मिळाले आहे. पृथ्वीचा शेवट कसा होईल, हा प्रश्न अद्याप निर्णायकपणे सुटलेला नाही.

निष्कर्ष :
जीवसृष्टीचा उगम किमान ३.५ अब्ज वर्षांपूर्वीचा आहे आणि तिच्यापुढे सुमारे १ अब्ज वर्षे उरली आहेत. म्हणजे तिचे तीन-चतुर्थांशाहून अधिक आयुष्य सरले आहे. भविष्यात कार्बन डायऑक्साइड घटणारच आहे, म्हणून आजचे उत्सर्जन उपकारक ठरते, असा युक्तिवाद मात्र ग्राह्य धरता येत नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग असलेले त्याचे प्रमाण २०२४ मध्ये ४२० भागांपलीकडे गेले. खडकांच्या झिजेद्वारे होणारे नियमन लक्षावधी वर्षांच्या गतीने चालते, तर ही वाढ अवघ्या अडीच शतकांत झाली आहे. निसर्गाची ही व्यवस्था पृथ्वीला पूर्वपदावर आणील. परंतु मानवी समाजांना सोयीच्या मुदतीत नव्हे. महाविद्यालयीन अध्यापनात या दोन कालमानांतील फरक स्पष्ट करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.