चार्जर, तुझं नाव काय?

बालमित्रांनो, काठी हे गाव तुम्हाला ठाऊक आहे का? नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्याच्या कुशीतलं हे गाव. इथली राजवाडी होळी दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. अंगावर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू आणि वाळके भोपळे... रात्रभर ढोल घुमतात आणि होळी पेटते ती पहाटे!

आता समजा, तुम्ही काठीतच राहता. होळीची जुनी हकीकत आजोबांनी तुम्हाला चार संध्याकाळी बसून सांगितली आणि तुम्ही ती शाळेच्या लॅपटॉपवर उतरवून घेतली. उद्या ती गुरुजींना द्यायची आहे. चार्जर लावलेला आहे आणि अचानक पडद्यावर पाटी येते, ‘चार्जर ओळखता येत नाही.’ बॅटरी उरली १८ टक्के. दुरुस्तीचं दुकान गाठायचं तर डोंगर उतरून अक्कलकुव्याला, नाही तर थेट नंदुरबारला जायला हवं. काय कराल?

पहिलं काम दुरुस्तीचं नाहीच! बॅटरीत जीव आहे तोवर आजोबांची हकीकत पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. चार्जर दुसरा मिळेल, पण त्या चार संध्याकाळी पुन्हा मिळतीलच असं नाही. झालं? आता निवांतपणे चोर शोधू या.

पण ‘ओळखता येत नाही’ म्हणजे काय? चार्जर काय पाहुणा आहे ओळख पटवायला? गंमत अशी, की तो खरंच ओळख सांगतो! भिंतीतली वीज असते २३० व्होल्टची. चार्जर तिची १९-२० व्होल्टची सौम्य, एकाच दिशेने वाहणारी वीज करतो. पण सगळे चार्जर सारख्या ताकदीचे नसतात. कुणी ४५ वॅटचा, कुणी ६५ चा, कुणी ९० चा. ४५ वॅटच्या चार्जरवर ९० वॅटचं ओझं टाकलं तर तो तापेल किंवा दमून बंद पडेल. म्हणून लॅपटॉप आधी विचारतो, ‘बाबा रे, तू कोण? किती देऊ शकशील?’

काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या चार्जरमध्ये याची छान सोय असते. पिनेच्या तोंडात डोकावून पाहा. मधोमध सुईसारखी एक बारीक काडी दिसेल. वीज येते-जाते ती बाहेरच्या आणि आतल्या नळीतून. मधल्या काडीतून येतं ते चार्जरचं नाव-गाव! चार्जरच्या आत एक चिमुकली चिप असते, तिच्यात ही माहिती लिहिलेली असते. आपल्या देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले, ते याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. ही चिप म्हणजे चार्जरचं आधार कार्डच समजा ना!

आता कोडं उलगडलं का? ओळखीची ती बारीक तार तुटली, तर वीज येत राहते, पण नाव येत नाही. मग लॅपटॉप चालू राहतो, पण हळूहळू काम करतो आणि बॅटरी चार्ज करायला नकार देतो. तो बिघडलेला नसतो, तो सावध असतो!

चला, एकेक गोष्ट तपासू या. नियम एकच. एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळणारच नाही.

१. त्याच सॉकेटला दुसरं काही लावून पाहा, वीज येते का? चार्जरच्या डबीत शिरणारी जाड वायर सैल आहे का? बहुतेक चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, म्हणून दिवा थोडा मंद झाला तरी त्यांचं अडत नाही.

२. लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा. बॅटरी सहज निघणारी असेल तर तीही काढा. चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा. मग सगळं परत लावा. कधी कधी लॅपटॉपच गोंधळलेला असतो!

३. चार्जर भिंतीपासून काढून पिनेत टॉर्चने पाहा. मधली काडी वाकलीय का? धूळ बसलीय का? कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झटका. सुई, पाणी, फुंकर, काही नको.

४. चार्जर लावून पिनेजवळची वायर अगदी हळू इकडे-तिकडे हलवा. एका विशिष्ट कोनात पाटी नाहीशी होत असेल, तर चोर सापडला! वायर तिथंच आत तुटलीय. मात्र वायर सोललेली दिसली किंवा जळका वास आला, तर ती हलवूही नका. लगेच मुख्य बटण बंद करा.

५. शाळेत तसाच दुसरा लॅपटॉप असेल तर अदलाबदल करा. त्याचा चार्जर आपल्याला, आपला त्याला. व्होल्ट तेवढेच आणि वॅट तेवढे किंवा जास्त हवेत. पाटी चार्जरबरोबर गेली, तर दोष चार्जरचा. लॅपटॉपबरोबरच राहिली, तर दोष त्याच्या सॉकेटचा किंवा आतला.

वॅट कसे काढायचे? चार्जरवरच्या चिठ्ठीवर आउटपुटचा आकडा पाहा. १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर असं असेल, तर गुणाकार करा. आला ना साधारण ६५?

तुमचा लॅपटॉप नव्या, चपट्या यूएसबी-सी पिनेचा असेल तर तिथंही हीच गोष्ट. सुरुवात होते ५ व्होल्टने. मग एका खास तारेवरून दोघं बोलतात आणि ठरल्यावरच वीज २० व्होल्टपर्यंत चढते. इथं केबलसुद्धा तोलामोलाची लागते. ६० वॅटच्या वर जायचं, तर केबलमध्येही ओळखीची चिप हवी. म्हणून आधी केबल बदलून पाहा, मग लॅपटॉपचं दुसरं भोक. सगळी भोकं चार्जिंगची नसतात!

आणि एक गोष्ट कधीच करायची नाही. चार्जरची डबी उघडायची नाही. आतल्या एका भागात ३२५ व्होल्टच्या आसपास वीज साठते आणि भिंतीपासून काढल्यावरही ती काही वेळ तशीच राहू शकते. तसंच बॅटरी फुगलेली दिसली तर लॅपटॉप बंद करून मोठ्यांना सांगा.

पालकांना एक सांगणं. तार पिनेजवळ तुटली असेल, तर चांगला कारागीर तेवढीच पिन-वायर बदलून देऊ शकतो, अख्खा चार्जर फेकायला नको. नवा घ्यायचाच तर ओळख सांगणारा घ्या. स्वस्तातल्या नकली चार्जरमध्ये कधी कधी ती चिपच नसते, मग पाटी पुन्हा हजर!

ही तार तुटते कशी ठाऊक आहे? आपणच तोडतो! वायर डबीभोवती करकचून गुंडाळतो, पिन काढताना वायरला धरून ओढतो. आजपासून सैल वेटोळं करायचं आणि पिनेला धरूनच ओढायचं. बघा, जमतं का!

आणि हो, आजोबांची हकीकत पेनड्राइव्हवर आहे ना?