डॉरमंट म्हणजे झोपलेलं

मागच्या महिन्यात नांदगाव पेठेतल्या आमच्या गटातल्या एक काकू बँकेतून आल्या त्या रडवेल्या होऊनच. खिडकीवर त्यांना "खातं डॉरमंट झालं" एवढंच सांगितलं होतं. "माहे पैसे बुडाले का वं ताई?" त्यांनी विचारलं. पासबुकात शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची.

पैसे बुडाले नव्हते. डॉरमंट म्हणजे झोपलेलं. लॅटिन भाषेत 'डोर्मिरे' म्हणजे झोपणे. त्यावरून फ्रेंचमध्ये 'दोर्मां', आणि तिथून सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी हा शब्द इंग्रजीत आला. होस्टेलातली डॉर्मिटरी याच घरची. इंग्रजीत शांत पडलेल्या ज्वालामुखीला आणि न उगवलेल्या जिवंत बियाण्यालाही डॉरमंट म्हणतात. आपण त्याला सुप्त म्हणतो. मुगाच्या बियाण्याला ही झोप जवळजवळ नसतेच, म्हणून काढणीच्या वेळी झड लागली की शेंगेतच कोंब फुटतात.

खात्यात दोन वर्षांहून जास्त काळ भरणा नाही, काढणं नाही, असं झालं की रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ते 'निष्क्रिय' ठरतं. बँकेनं स्वतः टाकलेलं व्याज व्यवहारात धरत नाहीत. पण बचत खात्यावरचं व्याज मिळत राहतं. (निष्क्रिय हा शब्दही मला आवडत नाही, ऐकून बाईचाच आळस वाटतो.) अर्ज आणि केवायसीचे कागद दिले की खातं पुन्हा चालू होतं. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे त्याला शुल्क नाही, आणि निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंडही लावता येत नाही. दहा वर्षं गेली तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. तरीही आपण किंवा आपले वारस आपल्याच बँकेकडे ती मागू शकतो.

गटाच्या खात्याचं मात्र जास्त पाहावं लागतं. बैठकीत जमलेली बचत तिथल्या तिथेच कर्ज म्हणून वाटतो, रजिस्टर चोख लिहितो, पण बँकेत दहा रुपयेही जात नाहीत. मग कर्जाची फाईल घेऊन गेल्यावर कळतं की खातं झोपलं. त्यात सही करणाऱ्या अध्यक्ष, सचिव बदलल्या असतील तर आधी नव्या नावांचा ठराव करावा लागतो.

'क्लोज्ड' म्हणाले तर गोष्ट वेगळी, ते बंद झालेलं खातं. म्हणून खिडकीवरून परत फिरण्याआधी विचारा, "साहेब, झोपलं की बंद झालं?" काकू दुसऱ्या दिवशी आधार, पॅन आणि फोटो घेऊन गेल्या, अर्ज दिला. खातं चालू झालं तेव्हा त्यांनी तिथंच शंभर रुपये भरले.