चुंबकाची कसोटी : कोठे खरी, कोठे अपुरी

अनेक दुकानांच्या गल्ल्यात एक लहानसा चुंबक आढळतो. भांड्यांचा व्यापारी त्याने स्टील पारखतो, भंगारवाला पितळेच्या ढिगातून लोखंड वेगळे काढतो आणि सराफाकडे आलेला ग्राहकही कधी कधी दागिन्याला चुंबक लावून पाहतो. साधन स्वस्त, सोपे आणि वस्तूवर ओरखडाही न पाडणारे. मात्र या कसोटीवर किती विसंबावे हे ठरवण्यासाठी चुंबक लोखंडाला ओढतो म्हणजे नेमके काय करतो, हे जाणून घेतले पाहिजे.

चुंबक लोखंडाला आधी चुंबक बनवतो आणि मगच ओढतो. चुंबकाचा उत्तर ध्रुव टाचणीच्या डोक्याजवळ नेला, की त्या डोक्याशी दक्षिण ध्रुव निर्माण होतो आणि टोकाशी उत्तर ध्रुव. विजातीय ध्रुव समोरासमोर आल्याने आकर्षण घडते. टोकाशी जागा झालेला उत्तर ध्रुव दुसऱ्या टाचणीत हीच क्रिया घडवतो आणि पाहता पाहता टाचण्यांची साखळी लोंबू लागते. यालाच प्रवर्तित चुंबकत्व म्हणतात.

हे ध्रुव बाहेरून येत नाहीत. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी १९०७ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार लोखंडात असंख्य सूक्ष्म प्रदेश असतात आणि त्यांतील प्रत्येक प्रदेश स्वतः चुंबकच असतो. एरवी त्यांची तोंडे निरनिराळ्या दिशांना असल्यामुळे परस्परांचा प्रभाव नाहीसा होतो. चुंबक जवळ येताच त्याच्या दिशेला अनुकूल असलेले प्रदेश विस्तारतात, इतर वळतात आणि वस्तूच्या दोन टोकांना ध्रुव प्रकट होतात. लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, की ही अंतर्गत शिस्त मोडते आणि चुंबक त्याला पूर्वीसारखा ओढू शकत नाही.

चुंबक दूर नेल्यावर मृदू लोखंड हे उसने चुंबकत्व जवळजवळ पूर्ण परत करते. पोलाद मात्र त्यातील काही अंश राखून ठेवते. म्हणूनच भंगार उचलणाऱ्या विद्युतचुंबकाचा गाभा मृदू लोखंडाचा असतो. वीज बंद केली की माल सुटतो. होकायंत्राची सुई मात्र पोलादाची करतात.

बँकेत या तत्त्वाशी रोजच गाठ पडे. धनादेशाच्या तळाशी असलेले एमआयसीआर आकडे लोहयुक्त शाईने छापलेले असतात. यंत्र प्रथम ती शाई चुंबकित करते आणि नंतर प्रत्येक आकड्याचा चुंबकीय संकेत वाचते. त्यामुळे आकड्यांवर साध्या शाईचा शिक्का पडला तरी वाचन सहसा अडत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ‘चुंबकाला चिकटत नाही, म्हणजे सोने खरे’ हे वाक्य सोनेतारणाच्या कामात मी वारंवार ऐकले आहे. हा युक्तिवाद टिकणारा नाही. तांबे, पितळ, चांदी, जस्त, शिसे यांपैकी कशातही चुंबक असे ठळक ध्रुव जागवू शकत नाही. त्यामुळे सोन्याचा मुलामा दिलेले तांबेही ही परीक्षा सहज उत्तीर्ण होते. उलट, अस्सल सोनसाखळीच्या कडीतील बारीक स्प्रिंग पोलादी असेल, तर तेवढा भाग चुंबकाकडे ओढला जातो. त्यावरून साखळी खोटी ठरत नाही. चुंबक लोखंडासारख्या धातूची साक्ष देतो, सोन्याच्या शुद्धतेची नव्हे.

स्टीलच्या भांड्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. निकेलयुक्त ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक सहसा लागत नाही, हे खरे. पण कमी निकेल आणि जास्त मँगनीज असलेल्या २०० मालिकेतील स्वस्त स्टीललाही तो लागत नाही. शिवाय ३०४ प्रतीचे भांडे ठोकून वळवलेल्या कडांशी किंचित ओढले जाऊ शकते. याउलट इंडक्शन शेगडीसाठी भांडे निवडताना तळाला चुंबक घट्ट चिकटणे हीच योग्य खूण होय.

तात्पर्य, चुंबक हा नकार देण्यास उपयोगी, होकारास अपुरा. दागिन्याचा भरीव भाग चिकटला तर व्यवहार थांबवावा. न चिकटल्यास पुढची तपासणी सुरू करावी. सोन्याच्या दागिन्यावर बीआयएसचे चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक पाहावा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांसाठी हा क्रमांक आवश्यक झाला आहे आणि बीआयएसच्या ‘केअर’ अ‍ॅपवर तो घरबसल्या पडताळता येतो. आपल्या पेढीवरील नव्या पिढीला गल्ल्यातल्या चुंबकाबरोबर त्याची मर्यादाही अवश्य सांगावी.